सापडल्याचे ठिकाण

भाजीवाल्या नीलाबाईनं पैसे घ्यायला हात पुढं केला, वामनरावांनी खिशातून नाणं काढून तिच्या तळव्यावर ठेवलं, आणि तिचा हात तसाच उघडा राहिला. "भाऊ, हे काय देऊन राह्यले?" ती म्हणाली. "हे कुठी चालते?" मागं उभ्या असलेल्या बाईनं मान पुढं काढून पाहिलं. वामनरावांनीही पाहिलं. कोथिंबिरीच्या पाण्यानं ओल्या झालेल्या त्या तळव्यावर शिशाचा एक काळपट, कडा झिजलेला तुकडा होता आणि त्याच्यावर सोंड उचललेला हत्ती. सातवाहनांचा. अठराशे वर्षं मातीत राहिलेला हत्ती गंज वॉर्डाच्या बाजारात वांग्यांच्या ढिगाजवळ उघडा पडला होता. "चुकून आलं," असं म्हणून त्यांनी तो उचलला आणि दुसऱ्या खिशातलं पाचाचं नाणं दिलं. "मले वाटलं, भाऊ खोटा पैसा चालवून राह्यले," नीलाबाई हसत म्हणाली, आणि मागची बाईही हसली. वामनराव हसले नाहीत. पिशवी घेऊन ते चालू लागले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपले पाय घराकडं जात नाहीत. पाय नुसतेच जात आहेत.

चाळीस वर्षांत त्यांच्या संग्रहातलं एकही नाणं त्यांना न सांगता घराबाहेर पडलेलं नव्हतं. हे ते स्वतःशी असंच म्हणत, ‘न सांगता’, जणू नाणी परवानगी मागत असत. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून नोकरी लागली तेव्हापासूनचा नाद. मोजणीसाठी गावोगाव फिरायचं, साखळी ओढायची, हद्दीचे दगड शोधायचे. आणि शेतकरी हळूच कमरेच्या चंचीतून काही काढून दाखवायचा, साहेब, हे काय आहे बघा बरं. बहुतेक वेळा निजामाचा तांब्याचा पैसा असायचा, नाहीतर राणीचा छाप. कधीकधी मात्र काहीतरी असं निघायचं, की वामनरावांच्या अंगावरून थंड वारा गेल्यासारखं व्हायचं. मग ते ब्राह्मी शिकले, घरीच, एका जुन्या पुस्तकावरून, रात्रशाळेत मुळाक्षरं गिरवणाऱ्या म्हाताऱ्यासारखे. त्यांचे वडील छप्पन साली दीक्षेसाठी नागपूरला चालत गेले होते आणि परत येताना सहीपुरती तीन अक्षरं शिकून आले होते. त्या माणसाचा मुलगा सातकर्णीची अक्षरं वाचतो, ही गोष्ट वामनरावांना सगळ्या नोकरीपेक्षा मोठी वाटायची. प्रत्येक नाण्याला एक कागदी पाकीट होतं, पाकिटावर बारीक पेन्सिलीनं धातू, वजन, छाप, आणि सगळ्यात खाली एक ओळ: सापडल्याचे ठिकाण. ही ओळ नसली तर नाणं म्हणजे नुसता धातूचा तुकडा, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. चांगलं नाणं पैसे मोजले की मिळतं, पण ते कुठल्या मातीतून निघालं हे एकदा हरवलं की हरवलं.

घरी येऊन त्यांनी पेटी उघडली. रिकामं पाकीट लगेच सापडलं. नाणं आत सरकवताना नजर सवयीनं खालच्या ओळीवर गेली. सापडल्याचे ठिकाण: पांढरवाही, ता. सिंदेवाही. आणि त्यांना पांढरवाहीचं ते शेत दिसलं. धानाच्या बांध्या, कडेला पळसाची रांग, हिवाळ्याची तिरपी उन्हं, आणि खुंटी ठोकताना वाकलेला मोजणीचा मजूर डोमा. घण खाली आला, खण्ण न वाजता काहीतरी मऊ फुटल्याचा आवाज झाला, आणि डोमानं वर पाहिलं. किती तरी वेळ ते त्या चित्राकडं पाहत राहिले. समाधानानं पाहत राहिले. मग त्यांनी पाकीट खाली ठेवलं. डोमा पांढरवाहीला कधी आलाच नव्हता. तिथं कधी काही सापडलंच नव्हतं. पांढरवाही हे त्यांनी स्वतः रचलेलं खोटं होतं, पंचवीस वर्षांपूर्वी, याच टेबलाशी बसून; आणि आता ते खोटं पळसासकट, उन्हासकट त्यांच्या डोळ्यांपुढं उभं होतं.

डॉक्टरांकडं नंदिनी घेऊन गेली. त्यांची ही मुलगी शाळेत गणित शिकवायची, आणि आई, कमला, गेल्यापासून वडिलांजवळ राहत होती. तिला भाजीबाजारातलं कळलं नव्हतं. पण गेल्या महिन्यात गोळ्यांच्या डबीत एक नाणं मिळालं होतं, दुधाच्या कुपनांत दुसरं, आणि एकदा वामनरावांनी तिला कमला म्हणून हाक मारून चहात साखर कमी झाल्याचं सांगितलं होतं. डॉक्टरांनी त्यांना घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. "सुरुवात आहे," ते नंदिनीला म्हणाले, वामनराव शेजारीच बसलेले असताना. जुनं राहतं, नवं जातं. मग हळूहळू जुन्यातही सरमिसळ होते. वामनरावांनी विचारलं, "शिशानं होतं का असं?" डॉक्टरांना प्रश्न समजला नाही. शिशाच्या नाण्यांवर एक पांढरी भुकटी धरते. वर्षानुवर्षं ती त्यांच्या बोटांना लागलेली असायची, आणि कमला जेवणाच्या ताटाशी बसू द्यायची नाही. "हात धुऊन या. जहर आहे ते." ते धुवायचे, कधी न धुताच ओले करून यायचे. आता त्यांना वाटलं, ती भुकटी आत कुठंतरी साठत गेली असेल, थरावर थर, आणि खाली काय छापलं होतं ते हळूहळू दिसेनासं होत असेल.

खरं ठिकाण मोहबोडी होतं. हे त्यांनी त्या दिवसापासून रोज सकाळी उठल्याबरोबर स्वतःला सांगायला सुरुवात केली. मोहबोडी, राजुऱ्याच्या बाजूला. गावाच्या पूर्वेला बोडी म्हणजे तळं, तळ्याच्या वर पांढर. पांढर म्हणजे जुनी वस्ती मोडून झालेल्या मातीचं टेकाड, शेतकऱ्यांना ती लगेच ओळखू येते, तिच्यात राखेचा रंग असतो. कोळशाच्या खाणीसाठी सगळं गाव जाणार होतं आणि त्याची मोजणी वामनरावांकडं होती. डोमा तिथलाच, मासेमार धिवरांचा, मोजणीला मजूर म्हणून लावलेला. साखळी इतकी सरळ ओढणारा माणूस त्यांना सगळ्या नोकरीत दुसरा भेटला नाही. त्या टेकाडावर खुंटी ठोकताना मडकं फुटलं. आत शिशाची नाणी, एकमेकांना चिकटून गठ्ठा झालेली, ओल्या मातीत. डोमाला त्यांचं नवल वाटलं नाही. "अशे तुकडे तं आमच्या बुढ्यालेही भेटत होते, साहेब. तो वितळवून जाल्याले गोळ्या करत होता." म्हणजे किती पिढ्या हत्ती आणि राजे वितळून मोहबोडीच्या तळ्यात मासे धरत होते कोण जाणे. वामनराव गुडघ्यावर बसले होते. मडक्याच्या खाली त्यांना विटा दिसल्या. हातभर लांब, रुंद, भाजून लाल झालेल्या, एका रेषेत. आणि ती रेष वळत होती. त्यांनी हातानं माती बाजूला केली. पुन्हा वीट, पुन्हा थोडं वळण. गोल बांधकाम होतं, स्तूपाच्या पायासारखं. अशा गोल पायाचा अर्थ काय असू शकतो, हे त्या वेळी जिल्ह्यात जेवढ्या माणसांना समजलं असतं तेवढ्यांत ते एक होते. त्यांना वडिलांची तीन अक्षरं आठवली. ही आपल्या माणसांची जागा आहे. इथं बुद्धाला हात जोडलेले लोक राहत होते.

डोमानं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि तो सगळं समजल्यासारखं म्हणाला, "साहेब, जुनं गाव हाय ना खाली? मंग तुमी वरती कळवा. सरकार अशा जागेले हात लावत नाई म्हन्ते. आमचं गाव वाचन." "कळवतो," वामनराव म्हणाले. ते खरंच कळवणार होते. तो शब्द तोंडातून निघाला तेव्हा तो खरा होता, यावर त्यांचा आजही विश्वास होता. किंवा विश्वास ठेवल्याशिवाय दुसरं काही ठेवता येत नव्हतं. नाणी त्यांनी रुमालात बांधून घेतली, पुरावा म्हणून. विटांवर माती लोटली, पाऊस येईल म्हणून. मुक्कामाच्या खोलीवर त्या रात्री त्यांनी एक नाणं ओल्या कापडानं पुसलं, आणि हत्ती वर आला. दुसरं पुसलं. कळवायचं म्हणजे ही नाणी उद्या तहसीलला जमा करायची, तिथून कुठल्यातरी कपाटात, मोहोरबंद पिशवीत, कायमची. आणि मोजणी थांबली तर वरचे साहेब विचारणार, तुला खणायला कोणी सांगितलं होतं? दोन दिवसांनी लिहू, असं त्यांनी ठरवलं. मग आठवड्यानं. चौकशीला आलेल्या डोमाला त्यांनी एके दिवशी सांगून टाकलं, "पाठवला कागद." कमलानं विचारलं तेव्हा तिलाही तेच सांगितलं. कागद गेलाच नाही हे ठाऊक असलेलं कोणी नव्हतं, एक ते सोडून.

गाव उठायला पुढं चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत डोमा तीनदा चंद्रपूरला आला. सुकी मासळी घेऊन यायचा, ओट्यावर बसायचा. "काई उत्तर आलं का, साहेब?" नाही आलं. "सरकार हाय, वेळ लागते," असं तोच वामनरावांची समजूत काढायचा. गाव उठल्यावर तो आला तेव्हा त्यानं काही विचारलं नाही. उलट म्हणाला, "तुमी तं केलं तुमच्याकडून." त्या वाक्यानंतर वामनरावांनी नाणी तीन वर्षं पाहिली नाहीत. मग एका पावसाळ्यात पेटी उघडली, आणि ती इतकी सुंदर होती, की लिहिल्यावाचून राहवेना. नागपूरहून निघणाऱ्या एका नाणेसंशोधकांच्या वार्षिकासाठी लेख लिहिला. मोहबोडी लिहिणं शक्य नव्हतं. मोजणीवर असताना सापडलं तर कळवलं का नाही, हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी आला असता. पांढरवाही हे नाव त्यांना त्यातल्या पांढर या शब्दामुळं सुचलं. लेख गाजला. शाल आणि नारळ मिळाला. आणि मग विद्यापीठातली मंडळी पांढरवाहीला खणायला गेली. दोन हिवाळे त्यांनी खणलं. वामनराव एकदा बघायला गेले. चौकोनी खड्डे, दोऱ्या, चाळण्या, उन्हानं रापलेली मुलंमुली, आणि खड्ड्यांत नुसती पिवळी, कोरी माती. त्यांचा तरुण प्रमुख कपाळावरचा घाम पुसत म्हणाला होता, "सर, जागा नक्की हीच ना?" वामनराव बांधावर उभे होते. पळसाची रांग होती ती तिथं. "हीच," ते म्हणाले. तोवर तिकडं मोहबोडीच्या टेकाडाचा पत्ता यंत्रांनी पुसून टाकला होता, विटा, राख, वळण सगळं मातीच्या डोंगरात कुठंतरी मिसळून गेलं होतं.

आता भीती ही होती, की हे सगळं फक्त त्यांच्या डोक्यात होतं आणि ते डोकं गळू लागलं होतं. ज्या दिवशी त्यांना मोहबोडी आठवणार नाही त्या दिवशी ती जगात कुठंच नसेल. पांढरवाही मात्र राहील. ती छापलेली होती. एका सकाळी त्यांना जाग आली आणि गावाचं नाव आलंच नाही. तोंड धुताना नाही, चहा घेताना नाही. तळं दिसत होतं, धिवरांच्या डोंग्या दिसत होत्या, नाव नव्हतं. नंदिनीला विचारावं तर तिला काय माहीत? दुपारी एकदम आलं तेव्हा त्यांनी वहीचं पान फाडून त्यावर लिहायला घेतलं. मोहबोडी. मग विटा. मग डोमा काय म्हणाला ते. मग शेवटचं वाक्य, जे लिहायला त्यांना संध्याकाळ झाली: मी कळवले नाही. हे वार्षिकाला पाठवायचं, असं त्यांच्या मनात होतं. पण आधी हे डोमाला सांगितलं पाहिजे, त्याच्या तोंडावर, छापून येण्याच्या आधी. एवढं तरी.

रविवारी नंदिनीनं गाडी काढली. वामनरावांनी पेटीतली, त्या मडक्यातल्या नाण्यांची सगळी पाकिटं पिशवीत घेतली. "डोमाकाकांच्या मुलाला फोन केला मी," ती म्हणाली. "घरीच आहेत ते." रस्ता कोळशाच्या गाड्यांनी काळा झालेला होता, आणि दोन्ही बाजूंच्या झाडांच्या पानांवर तोच रंग बसला होता. दूरवर, शेतांच्या पलीकडं, एक लांबलचक सपाट माथ्याचा डोंगर होता. त्याच्यावर बाभळी उगवल्या होत्या. "हा डोंगर पूर्वी होता का?" वामनरावांनी विचारलं, आणि विचारतानाच त्यांना कळलं, की तो डोंगर नव्हे, खाणीतून काढलेली माती आहे. त्यांचं टेकाड त्यातच कुठंतरी होतं.

पुनर्वसन वसाहतीतली घरं एकसारखी, आखलेल्या रेषेत होती. मोजणी चांगली झाली होती. डोमा दारात खाटेवर बसला होता. म्हातारा झाला होता, एक डोळा पांढरा पडलेला, पण उठताना त्यानं आधार घेतला नाही. "या, साहेब," तो म्हणाला. "किती दिसांनी!" त्यानं वामनरावांचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडलाच नाही, लहान पोराला रस्ता ओलांडून न्यावं तसं त्यांना खाटेवर आणून बसवलं. वामनरावांना तो स्पर्श खटकला. फार जपून धरलेला हात होता. डोमाची बायको सोमारी आतून पाणी घेऊन आली. ठेंगणी, बारीक बाई, बोलणं कमी. तिनं तांब्या ठेवला आणि दाराच्या चौकटीशी टेकून बसली.

"डोमा, मला तुला काही सांगायचं आहे," वामनराव म्हणाले आणि त्यांनी खिशातून कागद काढला. आपल्याच अक्षरांवर बोट ठेवून ते वाचू लागले. विटांचं वाचलं. डोमा काय म्हणाला होता ते वाचलं. "मी कळवलं नाही," त्यांनी वाचलं, आणि मग कागद खाली ठेवून पुन्हा म्हणाले, "मी कळवलंच नाही, डोमा. कागद पाठवलाच नाही. तुला खोटं सांगितलं. नाणी माझ्याकडं ठेवायची होती मला." आणि त्यांनी पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली.

डोमानं नंदिनीकडं पाहिलं. नंदिनीनं मान किंचित हलवली आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, मनावर घेऊ नका. फोनवर सांगितलं होतं ना मी." वामनरावांना ते ऐकू आलं. त्यांचा आजार कान खात नव्हता. "मी शुद्धीवर आहे," ते म्हणाले. "नंदिनी, तू मध्ये बोलू नको. डोमा, ऐक, मी शुद्धीवर आहे."

"व्हय, साहेब, व्हय," डोमा म्हणाला. त्यानं पिशवी उघडली नाही. दोन्ही हातांनी उचलून ती परत वामनरावांजवळ ठेवली. "तुमाले आता आठवत नाई. वय झालं का असंच होते. आमच्या बुढ्याले तं शेवटी मीच आठवत नवतो. मले आठवते ना! तुमी कागद पाठवला होता. तुमीच सांगतलं होतं मले, ओट्यावर. तुमची बाई होती तवा, चहा देल्ला होता तिनं."

"मीच सांगितलं, तेच तर खोटं होतं."

"तुमी कायले खोटं सांगान?" डोमा हसला. त्या हसण्यात कसलीच फट नव्हती. वामनरावांनी त्याच्या चांगल्या डोळ्यात पाहिलं आणि त्यांना कळलं, की आता काहीही सांगितलं तरी ते या माणसापर्यंत पोचणार नाही. जितकं स्पष्ट सांगावं तितका आपला आजार वाढलेला दिसेल. खोटं बोलताना ज्या माणसाला सगळ्यांनी खरं मानलं, त्याला खरं बोलताना कोणी खोटंसुद्धा म्हणत नव्हतं; नुसतं पाणी घ्या म्हणत होतं.

ते उठले. हात धुवायचे आहेत, म्हणाले. घराच्या मागं नळाजवळ सोमारी तांब्या घेऊन आली आणि त्यांच्या हातांवर पाणी ओतू लागली. ती ओतत राहिली, आणि खालीच पाहत म्हणाली, "मले मालूम हाय, भाऊ."

वामनरावांचे हात थांबले.

"तवाच मालूम झालं. तुमचा कागद गेला असता तं येखादी जीप आली असती. कोनी तं पाहाले आला असता. कोनीच आला नाई. मी रोज रस्त्याकडं पाहत होतो." तिच्या बोलण्यात राग नव्हता, राग कधीच वाळून गेला असावा. "याले म्हटलं नाई मी. हा सगळ्या गावाले सांगत फिरला, का आमच्यासाठी साहेब लढला म्हनून. गाव सुटलं तवा लोकं लई रडले. हा नाई रडला. म्हने, आपल्याकडून कोनीतरी लिवलं होतं. त्याच्यावरच जगून राह्यला तो."

"सोमारीबाई, मला—"

"तुमाले हलकं होयाचं हाय," ती म्हणाली. तांब्या रिकामा झाला होता, तरी तिनं तो तसाच धरून ठेवला होता. "आमी काऊन वाहू तुमचं? तुमचं तुमीच न्या. आता त्याले नका सांगू पुन्हा." आणि ती आत निघून गेली. वामनराव ओले हात घेऊन उभे राहिले. पुसायला काही नव्हतं. समोर तो सपाट डोंगर होता आणि त्याच्यावरच्या बाभळींत बगळे बसत होते. त्यांना वाटलं, आपल्याला शिक्षा मिळावी म्हणून आपण आलो होतो, आणि शिक्षा मिळाली. फक्त ती कुठं ठेवायची हे समजत नाही.

पुढं आले तेव्हा अंगणात पाच-सहा माणसं जमली होती. डोमानं बोलावली होती. शेजारी नानाजी, त्याच्या सुना, कडेवर पोरं. "हेच ते साहेब," डोमा सांगत होता. "याहीनंच लिवलं होतं सरकारले." मग त्यानं वामनरावांना जवळ बसवून घेतलं, आणि आजारी माणसाला धीर द्यावा तशा आवाजात म्हणाला, "सांगा ना, साहेब, कसं लिवलं होतं ते. मी सांगतो तं हे पोट्टे हसतात. आठवून पाहा. हळूहळू आठवन."

वामनरावांनी दाराकडं पाहिलं. सोमारी सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत होती, मान वर न करता. नंदिनीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी एकदा डोमाकडं पाहिलं, आणि तोंड उघडलं. "शुक्रवार होता," ते म्हणाले. आपला आवाज त्यांना दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. "मोजणी संपवून मी राजुऱ्याला आलो. निळी शाई संपली होती, म्हणून काळ्या शाईनं लिहिलं. वर घातलं, विषय: मौजे मोहबोडी येथील प्राचीन अवशेषांबाबत." कोणीतरी हुंकार दिला. "लिहिलं, की या गावाखाली दोन हजार वर्षांचं गाव आहे. विटांचं गोल बांधकाम आहे. तरी खाणीसाठी ही जागा घेऊ नये. गावातले लोक पिढ्यान्‌पिढ्या इथं राहतात." डोमा मान हलवत होता. "तीन प्रती केल्या. कार्बन घालून. जावक क्रमांक पडला." तो क्रमांकही त्यांनी सांगितला, न अडखळता. जावकचा कारकून शिक्का मारताना काय म्हणाला ते सांगितलं. चष्म्याची काडी तुटलेला, दोरा बांधलेला कारकून. टपाल नेणाऱ्या शिपायाची सायकल सांगितली. तोंडातून एकेक गोष्ट बाहेर पडत होती, आणि प्रत्येक गोष्टीला वजन होतं, छाप होता, काठ होते. डोमाच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं. "पाहा," तो नंदिनीला म्हणाला, "सगळं आठवते याहीले."

निघताना डोमानं तांदळाची थैली गाडीत ठेवली. सोमारी दारापर्यंत आली, बाहेर आली नाही.

परतीच्या रस्त्यावर नंदिनीचा चेहरा सैलावला होता. सकाळपासून तिला ज्याची धास्ती होती ते टळलं होतं. पुढं कोळशाच्या गाड्यांची रांग लागली, तेव्हा तिनं वेग कमी केला. वामनराव खिडकीबाहेर पाहत होते. त्यांना तो कारकून दिसत होता. शिक्का शाईच्या गादीवर दाबताना त्याची नखं काळी झाली होती. टेबलावर उन्हाचा पट्टा पडला होता आणि त्या पट्ट्यात त्यांचा कागद होता, त्यांच्या सरळ अक्षरांतला. ती अक्षरं त्यांना वाचता येत होती. इतक्या दिवसांत एवढं स्वच्छ काही दिसलं नव्हतं. त्यांना बरं वाटलं. त्या बरं वाटण्याच्या खाली कुठंतरी टाचणीच्या टोकाएवढं काहीतरी टोचत होतं, काही सांगायचं राहिल्यासारखं. त्यांनी थोडा वेळ ते शोधलं.

"एवढं लिहिलं," ते शेवटी म्हणाले, "आणि सरकारनं साधं उत्तरसुद्धा दिलं नाही. डोमाला किती वाईट वाटलं असेल, नाही?"

"हो, बाबा," नंदिनी म्हणाली.